गढूळ पाण्याचा हिशेब : नदीतील निलंबित गाळ कसा मोजतात

मुंबईच्या उपनगरांतून दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्या वाहतात. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेला आरेचा डोंगराळ परिसर हे त्यांचे माहेर होय. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते, तर विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतून मिठी आकार घेते. या नद्या लांबीने लहान आहेत. त्यांतल्या मोठ्या मिठीची लांबीही जेमतेम १८ किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, की त्यांचे रूप पालटते. चहासारखे तांबूस, दाट पाणी पुलाखालून घोंघावत जाते. ते पाहताना जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहावा : या पाण्यात माती आहे हे तर दिसते; पण किती आहे?

‘खूप’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ‘खूप’ या शब्दावरून नदीचे पात्र किती खोल ठेवावे, गाळ कोठून येतो किंवा तो कोठे अडवावा, यांपैकी काहीही ठरवता येत नाही. त्यासाठी मोजमाप लागते. हे मोजमाप कसे करतात, त्यात चूक कोठे होते आणि ते आपल्या जगण्याशी कसे निगडित आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजण्याचे कारण

२६ जुलै २००५ हा दिवस उपनगरांतील जुन्या रहिवाशांना विसरता येणार नाही. सांताक्रूझ येथील वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठीकाठच्या वस्त्या बुडाल्या, लोकल गाड्या रुळांवरच थांबल्या आणि मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर शासनाने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि मिठीसाठी स्वतंत्र विकास व संरक्षण प्राधिकरणही स्थापन केले. नद्यांची अरुंद झालेली पात्रे, त्यांवरील बांधकामे आणि साचलेला गाळ यांची चर्चा तेव्हापासून घराघरांत सुरू झाली.

गाळामुळे पूर का वाढतो, हे एका साध्या उदाहरणावरून समजेल. एखाद्या रुंद पात्रात ३ मीटर खोल पाणी मावते असे समजा. तळाशी १ मीटर गाळ साचला, तर खोली २ मीटर उरेल, म्हणजे एक तृतीयांशाने कमी होईल. मग पात्राची पाणी वाहून नेण्याची क्षमताही एक तृतीयांशानेच घटेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती जवळजवळ निम्म्यावर येते. कारण रुंद पात्रातील प्रवाह खोलीच्या प्रमाणात न वाढता खोलीच्या पाच तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतो. खोली कमी झाली, की पाण्याला जागा कमी मिळते आणि त्याचा वेगही मंदावतो. नुकसान दुहेरी होते. नदीकाठच्या झोपडीत पाणी शिरेल की नाही, हे अनेकदा या एका मीटरवर अवलंबून असते.

तळाशी बसलेला गाळ महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काढते आणि वाहनांतून नेऊन त्याचे वजन करते. परंतु ते वजन ओल्या गाळाचे असते. त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो; प्लास्टिक, चिंध्या आणि राडारोडाही असतो. शिवाय ते गेल्या वर्षी साचलेल्याचे वजन असते. नदी कोणत्या दिवशी, कोणत्या भागातून, किती माती वाहून आणते, हे त्यावरून कळत नाही. ते कळावयाचे असेल, तर गाळ तळाशी बसण्यापूर्वी, तो पाण्यातून जात असतानाच मोजला पाहिजे.

निलंबित गाळ म्हणजे काय?

नदी तीन प्रकारांनी पदार्थ वाहून नेते. क्षार पाण्यात विरघळून जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. गोटे, खडी आणि जाडी वाळू तळावरून घरंगळत किंवा उड्या घेत पुढे सरकतात. या दोहोंच्या मध्ये बारीक वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे कण पाण्यात अधांतरी राहून प्रवास करतात. यालाच निलंबित गाळ म्हणतात. पाणी गढूळ दिसते ते याच्यामुळे.

मातीचा कण पाण्याच्या सुमारे अडीच पटींहून जड असतो. मग तो बुडत का नाही? तो बुडतच असतो. परंतु वाहत्या पाण्यातील भोवरे त्याला पुन्हा पुन्हा वर उचलतात. भोवऱ्यांचा जोर कणाच्या बुडण्याच्या वेगापेक्षा अधिक आहे, तोवर कण तरंगता राहतो. पाणी संथ झाले, की तो खाली बसतो.

बुडण्याचा वेग कणाच्या आकारावर विलक्षण अवलंबून असतो. ०.२ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर पाण्यात १ मीटर अंतर एका मिनिटाच्या आत उतरतो. ०.०२ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला त्यासाठी सुमारे पाऊण तास लागतो. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला मात्र तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. बारीक कणांच्या बाबतीत व्यास दहापट कमी झाला, की वेळ शंभरपट वाढते. हा स्टोक्स यांचा नियम होय. आपल्या आज्या मडक्यात तुरटी फिरवीत, त्यामागे हेच शास्त्र होते. तुरटीमुळे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि लवकर तळाशी बसतात. भांडुपसारख्या मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांतही रसायने घालून हेच साधले जाते.

राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांत गेल्यावर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आपण पाहतो. प्राचीन शिलालेखांत त्यांना ‘पोढि’ म्हटले आहे. डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी कोरीव पन्हाळींतून या पोढींत येते, थांबते आणि थांबल्यामुळे त्यातील माती तळाशी बसते. त्याच डोंगरावरून निघालेले पाणी नदीत मात्र थांबत नाही. म्हणून ते माती घेऊन उपनगरांत उतरते.

एका बाटलीतील पाणी म्हणजे नदी नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुलावरून एक बादली सोडली, पाणी काढले, त्यातील माती मोजली. मापन झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हाच या विषयातील सर्वांत मोठा प्रमाद होय. याचे भान देणारे उदाहरण २६ जुलैच्याच नोंदींत आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच २४ तासांत कुलाब्याला अवघ्या ७३ मिलिमीटरची नोंद झाली. शहर एकच, दिवस एकच. परंतु केवळ कुलाब्याचा आकडा पाहणाऱ्याला त्या दिवशी काही विशेष घडले, असे वाटलेच नसते. मोजमाप खरे होते, पण ते अपुरे होते. नदीच्या गाळाबाबत अशी अपुरेपणाची तीन दालने आहेत : खोली, रुंदी आणि काळ.

पहिली, खोली. चिकणमातीचे बारीक कण पृष्ठभागापासून तळापर्यंत जवळपास सारखे पसरलेले असतात. परंतु वाळू तळालगत अधिक असते. वरवरचे पाणी घेतले, तर वाळू हातातून निसटते. भारतातील प्रचलित पद्धतीत पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पट अंतरावर नमुना घेतात. यासाठी ‘पंजाब बाटली’ या नावाने ओळखले जाणारे साधन वापरतात. बाटली हव्या त्या खोलीवर नेऊन मगच तिचे तोंड उघडता येते. दुसऱ्या पद्धतीत बाटली एकाच गतीने तळापर्यंत सोडून त्याच तऱ्हेने वर ओढतात, म्हणजे सर्व थरांतील पाणी तिच्यात येते. अमेरिकेत १९३९ पासून अनेक शासकीय खात्यांनी मिळून या साधनांवर संशोधन केले. त्यातून तयार झालेल्या, हाताने वापरावयाच्या एका नामांकित साधनात साधी दुधाची काचेची बाटली बसवलेली असे.

या साधनांत एक सूक्ष्म अट पाळावी लागते. बाटलीच्या तोंडाशी पाणी ज्या वेगाने आत शिरते, तो वेग नदीच्या वेगाइतकाच असला पाहिजे. तो कमी असला, तर पाणी तोंडाला वळसा घालून निघून जाते. जड कण मात्र आपल्या गतीने सरळ आत शिरतात आणि गाळ वाजवीपेक्षा अधिक भरतो. तो जास्त असला, तर उलट चूक होते.

दुसरी, रुंदी. मध्यभागी प्रवाह वेगवान असतो, काठाशी मंद. एखादा नाला डाव्या काठाने येऊन मिळत असेल, तर डावीकडचे पाणी अधिक गढूळ असते. म्हणून पात्राचे समान प्रवाहाचे अनेक भाग कल्पून प्रत्येक भागाच्या मध्यावर नमुना घेतात.

तिसरा, आणि आपल्या नद्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, काळ. मुंबईत वर्षभराचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्यातलाही मोठा भाग थोड्याच दिवसांत कोसळतो. डोंगर जवळ, नदी आखूड. त्यामुळे पूर काही तासांत चढतो आणि काही तासांत ओसरतो. पूर चढत असताना पहिले पाणी उतारावरची सुटी माती, बांधकामांची धूळ आणि गटारांत साचलेला कचरा धुऊन आणते. ओसरताना पाण्याची पातळी तितकीच असली, तरी गाळ बहुधा कमी असतो, कारण वाहून नेण्याजोगे बरेचसे आधीच गेलेले असते. म्हणून पातळीवरून गाळाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. नमुने पूर चढताना, शिगेला असताना आणि उतरताना, असे तिन्ही वेळी हवेत.

प्रयोगशाळेत

नमुना प्रयोगशाळेत आला, की काम सोपे पण काटेकोर असते. काचतंतूंचा बारीक गाळणकागद वाळवून त्याचे वजन करतात. मोजून घेतलेले पाणी त्यातून गाळतात. कागद १०३ ते १०५ अंश सेल्सिअस तापमानाला वाळवून, थंड करून, पुन्हा वजन करतात. समजा, कोऱ्या कागदाचे वजन ०.१२४० ग्रॅम होते आणि २०० मिलिलिटर पाणी गाळल्यावर ते ०.२८४० ग्रॅम झाले. फरक ०.१६०० ग्रॅम, म्हणजे १६० मिलिग्रॅम. हा गाळ २०० मिलिलिटरमधला. म्हणून एका लिटरमध्ये ८०० मिलिग्रॅम. यालाच गाळाची संहती म्हणतात.

कणांच्या आकारानुसार वर्गवारीही करतात. केंद्रीय जल आयोगाच्या पद्धतीत ०.२ मिलिमीटरहून मोठे ते जाडे कण, ०.०७५ ते ०.२ मिलिमीटरचे मध्यम आणि त्याहून लहान ते बारीक. ही वर्गवारी उपयुक्त असते, कारण जाडे कण पात्रातच साचतात, तर बारीक कण खाडीपर्यंत जातात.

संहतीकडून भाराकडे

संहती म्हणजे पाणी किती गढूळ आहे याचे उत्तर. नदीने एकूण किती माती नेली, याचे उत्तर त्यात नाही. त्यासाठी दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहते, म्हणजे विसर्ग, हेही माहीत हवे. संहती आणि विसर्ग यांचा गुणाकार म्हणजे गाळाचा भार.

पुढील आकडे केवळ गणितासाठी कल्पिलेले आहेत. पुराच्या वेळी विसर्ग दर सेकंदाला २५ घनमीटर आणि संहती ८०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे असे माना. ८०० मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजेच ८०० ग्रॅम प्रति घनमीटर. तेव्हा सेकंदाला ८०० × २५ = २०,००० ग्रॅम, म्हणजे २० किलो माती पुलाखालून जाते. एका तासात ७२ टन.

आता कोरड्या ऋतूतील दिवस घ्या. विसर्ग अर्धा घनमीटर, संहती २० मिलिग्रॅम. सेकंदाला अवघे १० ग्रॅम. संपूर्ण दिवसात ८६४ किलो. याचा अर्थ, पुराच्या एका तासाने जेवढी माती नेली, तेवढी न्यायला कोरड्या ऋतूतील ८३ दिवस लागतील. जानेवारीत सावकाश, नीटनेटके, शंभर नमुने घेणारा अभ्यासक आणि जुलैच्या एका रात्री पुलावर उभा राहून सहाच नमुने घेणारा अभ्यासक, यांत नदीविषयी अधिक खरे सांगणारा दुसराच होय.

शहरी नदीच्या अडचणी

ग्रंथांतील पद्धती बहुधा मोकळ्या प्रदेशांतील नद्यांसाठी बेतलेल्या असतात. उपनगरांतील नद्यांत आणखी दोन अडचणी येतात.

पहिली सांडपाण्याची. पावसाळ्याबाहेर या नद्यांच्या खालच्या भागांतील पाणी काळपट दिसते. त्यातील तरंगते कण बव्हंशी सेंद्रिय मैल्याचे असतात. गाळणकागदावर दोन्ही एकत्रच अडकतात. त्यांना वेगळे करण्यासाठी वाळवलेला कागद ५५० अंश सेल्सिअसला जाळतात. सेंद्रिय भाग जळून जातो, खनिज भाग उरतो. हे न करता काढलेला आकडा ‘माती’ म्हणून सांगणे अयोग्य ठरेल.

दुसरी भरतीची. खाडीजवळच्या भागात समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत येते. प्रवाह काही काळ उलटा वाहतो. तेथे एका वेळचा नमुना निरर्थक असतो. भरती-ओहोटीचे पूर्ण चक्र, म्हणजे सुमारे साडेबारा तास, सलग मोजावे लागते. खाऱ्या पाण्यातील मीठ कागदावर वाळून वजन वाढवते, म्हणून गाळल्यावर कागद शुद्ध पाण्याने धुवावा लागतो. शिवाय खारे पाणी तुरटीचेच काम करते : चिकणमातीचे कण एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि खाली बसतात. खाडीच्या मुखाशी आणि तिवरांच्या मुळांशी चिखल साचण्याचे हे एक कारण आहे.

यंत्र आणि बाटली

आता पाण्यात प्रकाशकिरण सोडून तो किती विखुरतो, हे सतत नोंदवणारी गढूळतामापके मिळतात. रात्री-अपरात्री पूर आला, तरी ती जागी असतात. परंतु यंत्र माती मोजत नाही, प्रकाश मोजते. तेवढीच माती वाळूच्या रूपात असेल तर प्रकाश कमी विखुरतो, चिकणमातीच्या रूपात असेल तर अधिक. म्हणून प्रत्येक नदीवर प्रथम बाटलीने नमुने घेऊन यंत्राच्या आकड्यांशी त्यांची सांगड घालावी लागते. बाटलीची जागा यंत्र घेत नाही. बाटलीच यंत्राला खरे बोलायला शिकवते.

या कामाचा वारसा

महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह आपल्याला मुखोद्गत असतो. पाण्याशी असलेला बाबासाहेबांचा दुसरा संबंध मात्र तितकासा सांगितला जात नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि जलसिंचन व वीज हे विषय त्याच खात्यात येत. दामोदर व महानदी खोऱ्यांच्या योजनांना त्यांनी याच काळात दिशा दिली. त्यांच्याच पुढाकाराने १९४५ मध्ये मध्यवर्ती जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. तोच पुढे केंद्रीय जल आयोग झाला, ज्याची माणसे आज देशभरातील नद्यांवर पाणी आणि गाळ मोजतात. नदीविषयी निर्णय घेण्यापूर्वी नदीची माहिती हवी आणि ती माहिती जमवणारी कायम यंत्रणा हवी, हा त्यामागील विचार होता. महाराष्ट्रातही पुण्याजवळ खडकवासला येथे जल व विद्युत संशोधनाचे केंद्र आहे; त्याची स्थापना १९१६ ची. नाशिकच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतही धरणांतील गाळाचा अभ्यास होतो.

आपण काय करू शकतो?

वरील काम मोठ्या संस्थांचेच आहे असे समजू नये. एका शालेय गटाला ते लहान प्रमाणात जमण्यासारखे आहे. लागते ते एवढेच : एक लिटरच्या स्वच्छ बाटल्या, दोरी बांधलेले भांडे, गाळणकागद, वाळवण्याची भट्टी आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू. शाळेच्या तराजूची अचूकता मर्यादित असल्याने थोडे पाणी न गाळता पूर्ण लिटर गाळावे, म्हणजे वजनातील चूक तुलनेने कमी राहते. सोबत एक पारदर्शक नळी घ्यावी. तिच्या तळाशी काळी-पांढरी फुली काढावी आणि फुली दिसेनाशी होईपर्यंत नमुना ओतत जावे. पाण्याची ती उंची आणि वाळवून आलेले वजन यांचा आलेख काढला, की काही आठवड्यांनी केवळ नळीवरून गाळाचा अंदाज करता येतो.

निवासी शाळेला येथे एक मोठी सोय आहे. नमुना रोज ठरल्या वेळी घेता येतो, रविवारीही. एक नमुना जंगलाच्या कडेला, एक वस्तीच्या मध्यावर, एक वस्तीच्या खाली घेतला, तर माती डोंगरावरून येते की वस्तीतल्या उघड्या खोदकामांतून, याचे उत्तर चार महिन्यांत आपल्याच वहीत उमटू लागेल.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. नमुना शिक्षकांसमवेत, कठडा असलेल्या पुलावरूनच घ्यावा. पुराच्या पाण्याजवळ उतरू नये आणि पूर धोक्याचा असेल तर त्या दिवशीची नोंद कोरी सोडावी. नमुना हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. उपनगरांच्या पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग होतात.

दिनांक, वेळ, पुलाची जागा, पाण्याची पातळी, गेल्या २४ तासांतील पाऊस, गाळाचे वजन आणि नमुना घेणाऱ्याचे नाव, एवढे सात रकाने वहीत आखावेत. ज्या दिवशी नमुना घेतला नाही, त्या दिवशी ‘घेतला नाही’ असेच लिहावे. अंदाजाने आकडा भरू नये. कोरी जागा नंतरच्या अभ्यासकाला फसवत नाही, खोटा आकडा फसवतो. एका वर्षाच्या वहीने फारसे सिद्ध होणार नाही. पण ही वही दहावीच्या मुलांनी नववीच्या मुलांच्या हाती सोपवली आणि ती दहा पावसाळे अखंड चालली, तर नदीकाठच्या माणसांसाठी बोलताना आपल्याजवळ ‘खूप’ या शब्दाखेरीज काहीतरी असेल.